मीनलची लाट

मीनल दारात आली की आधी तिचा हात पुढे यायचा. "काकू, तुमचा फोन द्या ना." माझा फोन जुना, काच तडकलेली, चालायला मंद. तिला तोच हवा असायचा. वेबसाइटवर हलणारी चित्रं बनवायचं तिचं काम. बनवलेलं ती आधी माझ्या फोनवर उघडायची, आणि ते उघडेपर्यंत ओढणीचं टोक चावत बसायची. "तुमच्यात चाललं तर दुनियेत कुठेही चालेल."

ती आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. घाबरट पोरगी. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत जायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, तिचं काम मला कळायला वेळ लागला. "व्हिडिओ नाही हो काकू, तो जड असतो. मी फक्त रेघ कुठून कुठे जाते ते लिहून देते, चित्र फोनच काढतो. नदीच्या घाटावर गर्दी झाली की नेटवर्क रेंगाळतं. जड चित्र उघडेपर्यंत माणूस पाण्यात."

दिवा, घंटा, लाट अशी चित्रं ती एकदाच बनवायची आणि पाहिजे त्या पानावर तीच लावायची. हे मात्र मला लगेच कळलं. भैरवगढला कापड छापताना मी बघितलंय. ठोकळा एकदा कोरायचा, साड्या कितीही छापायच्या.

"आणि ठोकळ्याला चीर पडली तर?" मी विचारलं.

"तर सगळ्या साड्यांवर. असं बोलू नका काकू, मला झोप येत नाही."

राम घाटावर स्नानाला जाणाऱ्यांसाठी मोहल्ल्यातल्या मंडळानं तिच्याकडून एक पान करून घेतलं. मंडळाचा माणूस पाणी बघून कळवायचा, तशी पानावरची लाट रंग बदलायची. निळी असली तर उतरा, लाल असली तर उतरू नका. आमचे हे रोज सकाळी शिप्रेवर जात. अक्षर धड दिसत नसे, रंग दिसे. लाट बघायची आणि पिशवी उचलायची.

एका पावसाळी सकाळी फोन बघून हे म्हणाले, "निळी आहे. येतो." थोड्या वेळानं मीनल धडपडत जिना उतरली. पायात चप्पल नाही.

"काका कुठे आहेत?"

"घाटावर."

ती तिथेच खाली बसली. आदल्या संध्याकाळी एका हॉटेलवाल्याला निळी लाट हवी होती. घाईत तिनं त्याच्या पानापुरता रंग न बदलता मूळ लाटेतच निळा भरून टाकला. मंडळ लाल कळवत होतं आणि लाट सगळीकडे निळीच हलत होती. "आत्ताच ठीक केलं काकू. पण काकांनी तर आधीच बघितलं ना."

ऑटोत मी ह्यांना फोन लावत राहिले. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. मीनल हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, "रडायचं असेल तर उतर इथेच."

घाटावर पाणी मातकट, खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. वरच्या पायरीवर पिशवी होती. घडी घातलेला सदरा, त्यावर चष्मा. आत ह्यांचा फोन वाजत होता, मीच लावलेला. आजूबाजूला माणसं होती, पण कुणाला विचारायला तोंड उघडेना. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

मग पलीकडून ओरडणं ऐकू आलं. "बाबूजी, पानी नहीं दिखा आपको?" दोन नाववाले ह्यांना दंडाला धरून आणत होते. पहिल्या बुडीतच पाय सुटला होता. ह्यांचे दात वाजत होते. "फोनमध्ये तर निळं होतं," हे म्हणाले. मीनलनं वाकून त्यांचे पाय धरले. "अगं सोड, धोतर सुटेल!"

त्यानंतर तिनं धोक्याची लाट वेगळीच बनवली. दुसऱ्या कुठल्या पानाशी तिचा संबंध ठेवला नाही. खाली मोठ्या अक्षरात "मत उतरो" घातलं. माझ्या फोनवर बघितलं, मग परत बघितलं. पुढे नोकरी लागली आणि ती इंदूरला गेली.

हे पुढच्या थंडीत गेले, घरी, अंथरुणात. नदीचा त्यात काही संबंध नाही. तरी पाऊस लागला की सकाळी मीनलचा फोन येतो. "काकू, लाट लाल दिसतेय ना?"

एकदा मी म्हटलं, "आता कशाला विचारतेस? जाणारा गेला."

ती म्हणाली, "घाटावर दुसऱ्या कुणाचे काका असतील ना."

मी चष्मा लावते, पान उघडते. "लाल आहे. खाली लिहिलेलं पण आहे. जा, चहा पी."