किसन मिस्त्रीने सरळ केलेल्या काठ्या

गोल्फ या खेळातली माझी कारकीर्द वडनेर भोलजीच्या एका लोहाराने एका दुपारीत संपवली. हे मी रागाने सांगतो आहे, आणि इतक्या वर्षांनी राग कमी व्हायला हवा होता असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये.

आमचं घर शेतकऱ्याचं. ज्वारी, कपाशी, विहिरीवर थोडी वांगी-मिरची. मॅट्रिकला मी दोनदा आपटलो तेव्हा बाबांनी मला मामाच्या गळ्यात बांधलं. मामा नागपूरच्या एका साहेबी क्लबात गवत कापायला होता. तिथे मी आधी साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहिली, मग साहेब जेवायला गेले की त्याच काठ्यांनी चेंडू मारले, आणि पाच-सहा वर्षांत पिशवी वाहता वाहता साहेबांनाच शिकवू लागलो. शिकवून पगार घेणाऱ्याला त्या खेळात 'प्रोफेशनल' म्हणतात. मान मोठा, चहा मात्र मागच्या दाराने.

गावात हे पटवणं कठीण होतं. पारावर बाबांना कोणीतरी विचारायचंच, "पोरगा काय करते हो नागपूरले?"

"साहेबाले काठी धराले शिकवते."

"काऊन? साहेबाच्या शेतात ढोरं शिरतात काय?"

मला राग यायचा तो इथपासून.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. विलायतेला परत निघालेल्या एका म्हाताऱ्या साहेबाने जाताना मला त्याच्या जुन्या काठ्या दिल्या. एक लाकडी डोक्याची, लांब मारायची. एक सपाट, चेंडू भोकात ढकलायची. आणि पाच लोखंडी डोक्याच्या. या पाचांचं मर्म असं की प्रत्येकीचं तोंड वेगळं कललेलं असतं. तोंड जितकं आभाळाकडे, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. म्हणजे पाच काठ्या, पाच कोन, पाच कामं. (हे वाक्य मी वडनेरच्या पारावर तीनशे वेळा तरी म्हटलं असेल.)

त्या साली क्लबात कायमच्या शिक्षकाची जागा निघाली. राहायला खोली, वर्षाला दोन गणवेश, आणि मुख्य म्हणजे पिशवी वाहण्यातून कायमची सुटका. आम्ही चौघे उमेदवार होतो. सेक्रेटरीसाहेबांनी ठरवलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चौघांनी खेळायचं, ज्याला कमी टोले लागतील त्याची जागा. मी सणाला घरी आलो तो काठ्या सोबत घेऊन, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सराव करावा म्हणून. दोन दिवस केलाही. तिसऱ्या दिवशी बहिणीला भेटायला मलकापूरला गेलो. तेवढीच माझी चूक.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. त्याआधी फाळ, विळे, कुऱ्हाडी सगळं लोहाराकडे जातं, कारण बोथट हत्यार पूजेला मांडायला लाज वाटते. मी परत आलो तर माझ्या काठ्याही वखराच्या लोखंडी पासेशेजारी पाटावर मांडलेल्या. डोकी झेंडूच्या फुलांत बुडालेली, वरून हळदकुंकू. मला खरंच भरून आलं. बाबांनी माझ्या धंद्याला पहिल्यांदाच अवजार मानलं होतं.

मी हात लावायला वाकलो, तर माय ओरडली, "शिवू नको बे! पूजेतलं हत्यार दसऱ्याले उचलतात."

दसऱ्याला तिने स्वतः पूजा उचलली, काठ्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि वरून दोरा घातला. "आता कामावरच सोड. मंधात खेळत बसू नको."

सरावाला खेळणं म्हणते याचा मला राग आला, पण आईचं ऐकलं. नांदुऱ्याला गाडी धरली आणि नागपूरला उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने दोरा सोडून काठ्या पिशवीत घातल्या आणि ती खांद्यावर घेतली. पहिला टोला मी लाकडी काठीने मारला. काय गेला म्हणून सांगू! व्हरांड्यातल्या साहेबांनी चहाचे कप खाली ठेवले. मामा कानाशी म्हणाला, "खोली आपलीच झाली, भाच्या."

चेंडू नाल्याच्या अलीकडे पडला होता. नाल्यापलीकडे भोकाचं झेंडू लावलेलं निशाण. सोपं काम, सगळ्यात कललेली काठी घ्यायची आणि चेंडू उचलून पलीकडे ठेवायचा. मी ऐटीत काठी फिरवली. चेंडू उठलाच नाही. सशासारखा जमिनीलगत पळाला आणि नाल्यात शिरला.

"वारा असल," मामा म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

दुसऱ्या भोकाला मी लांब मारायची लोखंडी काठी घेतली, तर चेंडू लांब जायचं सोडून अर्ध्यातच पडला. तिसऱ्या भोकाला वाळूच्या खड्ड्यात अडकलो. तिथून चेंडू वर काढायचा असतो. मी मारला, तो समोरच्या काठावर आपटून पायाशी आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. सातव्या वेळी व्हरांड्यातून एका साहेबाने हाक मारून विचारलं, "पानी लगा क्या?"

तेव्हा कुठे मी पाचही काठ्या गवतावर ओळीने मांडल्या. मामा वाकला, तीस वर्षं गवत बघितलेल्या नजरेने निरखून बघितलं आणि हळूच म्हणाला, "भाच्या, हे तर सारे जुळे झाले."

पाचही तोंडं एकाच कोनात. केसाचा फरक नाही. दांड्यात नव्या पाचरीसुद्धा मारलेल्या.

त्या दिवशी मला एक्क्याण्णव टोले लागले. जागा कामठीच्या एकाला मिळाली, ज्याचे वडील टांगा चालवत आणि त्यामुळे ज्याच्या काठ्यांना कोणीही सुधारलं नव्हतं. मी पिशव्या वाहायला परत उभा राहिलो. मला रडू आलं, आणि ते मी नाल्यात उतरून, चेंडू शोधायच्या निमित्ताने उरकलं.

दिवाळीला काठ्या घेऊन घरी गेलो तो भांडायलाच.

"बाबा, माझ्या काठ्या लोहाराकडे नेल्या?"

"हाव," बाबा कौतुकाने म्हणाले. "पाच हत्यारं अन् पाचाचे तोंडं पाच तऱ्हेचे. लोक म्हणतीन, पोट्ट्याले अवजार सांभाळता येत नाई. किसनले म्हटलं, सारे एका लायनीत कर."

"अहो, ते वाकडेच असतात!"

"मंग सांगाचं नाई काय? वाकडं पाहिजे म्हणून कोनी सांगत असते काय?"

किसन मिस्त्रीला बोलावलं. तो आपल्या कामाकडे अभिमानाने बघत होता. "भाऊ, साधं काम नव्हतं," तो म्हणाला. "विलायती लोखंड लय हट्टी. तीन तास भाता हानला. पाह्य आता, एक तरी वाकडं दिसते काय?"

एकही दिसत नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

रात्री जेवताना बाबा ताटावरून मान न उचलता म्हणाले, "माह्यानं तुह्यं नुकसान झालं." मी 'जाऊ द्या' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट पुढे प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यापुढे, वडनेरला आणि मलकापूरला बहिणीच्या सासरीसुद्धा, एका लोहाराने एक मोठा खेळाडू कसा बुडवला हे मी हातवारे करून सांगितलं. बाबा दर वेळी मान खाली घालून ऐकायचे.

दोन वर्षांनी कामठीवाला नोकरी सोडून गेला आणि जागा पुन्हा निघाली. या वेळी मी काठ्या गावाकडे नेल्याच नाहीत. सेक्रेटरीसाहेबांनी त्यांच्या नव्याकोऱ्या विलायती काठ्या मला खेळायला दिल्या. पाच तोंडं, पाच कोन, जिथल्या तिथे. महिनाभर सराव केला. मैदान तेच, नाला तोच, पिशवी उचलायला मामाच.

सत्त्याण्णव टोले लागले. किसनने सरळ केलेल्या काठ्यांपेक्षा सहा जास्त.

घरी मी स्पर्धा रद्द झाली म्हणून सांगितलं. जागा तिसऱ्या वर्षी परत निघेल अशी कुणकुण होती. म्हणून पुढच्या खंडेनवमीच्या आधी, बाबा शेतात गेल्याचं बघून, मी जुन्या बाजारातून घेतलेल्या पाच वेगळ्या काठ्या धोतरात गुंडाळून गुपचूप किसन मिस्त्रीच्या भात्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मिस्त्री," मी म्हटलं, "हे पाचही वाकडे झालेत. मागच्यासारखे सरळ करून दे."