नवसाचा नाडा

अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात हिंदुस्थानची फौज हिंगोलीला आली आणि निजामाचं राज गेलं. त्या दिवशी आमच्या गावचा मुजावर बायकोमुलांना बैलगाडीत घालून निघून गेला.

मोहरमची सवारी, म्हणजे पीराचा पंजा, त्याच्याकडे असे. दोन लेकरं गेल्यावर आईनं सवारीला नवस केला होता, आणि मग माझा धाकटा भाऊ झाला. मुजावरानं त्याच्या गळ्यात हिरवा नाडा बांधून त्याला सवारीचा फकीर केलं. बाराव्या वर्षी मुजावरानंच तो सवारीपुढं उतरवायचा, तोवर लेकरानं गावची शीव ओलांडायची नाही, असं ठरलं होतं. मी हिंगोलीला शिकत होतो. सुटीत आणलेली पुस्तकं भाऊ माझ्याआधी वाचून संपवायचा. नाडा उतरला की तोही माझ्याबरोबर शाळेत येणार होता. बारावं वर्ष हेच होतं.

मुजावर त्याची थट्टा करायचा. "काय फकीरसाब, बालिस्टर होऊन आमालाच जेलात घालता का?"

"तुमाला पयले," भाऊ म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या बंदूकवाल्या टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. भावकी पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. नवसामुळं आई हलेना. मुजावर रोज आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. टोळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हे सवारीचं लेकरू आहे." टोळी पुढं गेली.

मग भादवा आला, आणि शेजारच्या गावात मुसलमानांची घरं जळाल्याचं ऐकून मुजावरच निघाला.

भाऊबीजेची चंद्रकोर दिसली, तीच त्या वर्षी मोहरमची होती. दहाव्या दिवशी आई चपात्या कुस्करून केलेला मलिदा आणि भावाला घेऊन सवारीच्या घरी गेली. वडील आणि मी मागं होतो. दार कुणी काढून नेलं होतं. आत शेजाऱ्याच्या शेळ्या बांधलेल्या.

"आता कशाची सवारी, काकू?" शेजारी म्हणाला. "राज बदललं."

"राज बदललं म्हून नवस फिटला व्हय रे?"

वडिलांनी विळा काढला. "आण इकडं, मी कापतो."

"हात लावू नका. त्यानं बांधला, त्यानंच सोडायचा. येईल तो."

वडिलांनी विळा परत कमरेला खोचला. त्यांचीही दोन लेकरं गेली होती.

मुजावर आला नाही. कुणी म्हणे हैदराबादेत आहे, कुणी म्हणे वाटेतच मारला. वडिलांनी पुष्कळ चौकशी केली. भाऊ दर मोहरमला विचारी, "औंदा जाऊ का?" आई म्हणे, "त्याला येऊ दे." पुढं त्यानं विचारणं सोडलं. आई वारली तेव्हा तो तिशीत होता. मी म्हटलं, आता तरी चल.

"काहून दादा? कोणत्या वर्गात बसवतील मला?"

मागच्या महिन्यात तो गावातच वारला. घराला आता कुलूप आहे. किल्ली माझ्याजवळ आहे. तिथं जाण्याचं मला कारण उरलेलं नाही.