आपट्याच्या घरचं पान

मेडशीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली. आबांनी माझी बॅग वर चढवली, आणि लेक सासरी जाताना वडील जे बोलतात त्यातलं काहीच बोलले नाहीत. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, “तिकडं गेल्यावर पयले झाडं वळखून घेजो. झाडं वळखीचे झाले का गाव वळखीचं होते.” रडता रडता मला हसू आलं. मी निघाले नवऱ्याकडे ओहायोला, आणि आमच्या वडिलांना झाडांची पडलेली.

मेडशीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या उडून गेलेल्यांनो, आबांचा दसरा तुम्हाला आठवत असेलच. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाचं पान ते आधी उलटंपालटं करून बघत. एकदा मंगरूळपीरच्या पाहुण्यांनी बाजारातून कांचनाची पानं आणली. आपट्यासारखीच दोन पाकळ्यांची, पण मोठी, लांबट. आबांनी पाहुण्यांना पोटभर जेवू घातलं, पान मात्र परत दिलं. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

इथलं पहिलं वर्ष मी घरात कुढत काढलं. मग एकदा पार्कात मेपलची फांदी हाती आली, आणि पाहते तर पानं समोरासमोर, आपल्या सागासारखी! तेव्हापासून मला वेडच लागलं. गोल कंगोऱ्यांचं पान व्हाइट ओकचं, टोकदार कंगोऱ्यांचं रेड ओकचं. ग्रोसरी आणायला जावं आणि जॅकेटच्या खिशातून पानंच निघावीत. नवरा म्हणतो, यापेक्षा आबा परवडले. पण झाडं नावानं ओळखू यायला लागली, तशी मला रस्त्यांची भीती वाटेनाशी झाली.

आई गेल्यापासून आबा एकटेच. यंदा ते पहिल्यांदा इथं आले; थंडी संपेपर्यंत राहा, असा माझा हट्ट. पण त्यांचं मन रमेना. सोयाबीन काढायला आलं, तिकीट अलीकडचं कर, असा धोशा लावला. दसऱ्याला महाराष्ट्र मंडळात सोनेरी कागदाची पानं वाटली, ती त्यांनी खुर्चीवरच ठेवून दिली.

मला मात्र दम निघत नव्हता. आमच्या घरामागे रेडबडचं झाड आहे. ते आपट्याच्याच कुळातलं, असं वाचल्यापासून मी दसऱ्याची वाट बघत होते. मंडळातून घरी आल्या आल्या त्याचं पिवळंधमक पान तोडलं, पाया पडले आणि आबांच्या हातावर ठेवलं. मेडशी सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातात सोनं देत होते. हेही परत आलं तर, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले.

आबांनी चष्मा लावला. पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. देठापासून पंख्यासारख्या फुटलेल्या शिरांवरून त्यांनी बोट फिरवलं. पान मधोमध दुमडलं, टोकाशी नखानं जराशी चीर दिली आणि उघडलं. तळहातावर दोन पाकळ्या पसरल्या.

“आपटा नाई हा,” ते म्हणाले. मी पान परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पान सदऱ्याच्या खिशात ठेवलं. “पण आपट्याच्या घरचा हाय. चाल, झाड दाखव मले.”

चपला घालून ते माझ्याआधी दारात उभे. गाव कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजून मेडशीच सांगते, पुढेही सांगेन. पण त्या संध्याकाळी आबांनी झाडाखालूनच काकाला व्हिडिओ कॉल लावला. मेडशीत अजून उजाडलंही नव्हतं. फोन पानांकडे धरून ते सांगत होते, “हे पाह्य, आमच्या इथं बी आपट्याचा भाऊ हाय.”

आमच्या इथं, म्हणाले.