वाढत्या अंगाची बंदूक

समजा, तुम्ही कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका बंदुकांच्या दुकानात उभे आहात. काउंटरमागे रायफली ओळीने लावल्यात आणि विक्रेता विचारतोय, "कुठलं कॅलिबर?" कॅलिबर म्हणजे नळीची आतली रुंदी, म्हणजेच गोळीची जाडी, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. बंदूक एकच घ्यायचीय, तीही बेताच्या पैशांत. चालवणार आहे पंधरा वर्षांची एक हडकुळी पोरगी. आणि नोव्हेंबरात तिला त्याच बंदुकीने हरीण असं मारायचंय, की ते जागीच पडावं. काय सांगाल?

मृणालने सांगितलं, "पुढच्या आठवड्यात येते," आणि घरी जाऊन एक्सेल उघडलं.

मृणाल मूळची नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये तिची नोकरी. वस्तू मोडेपर्यंत हलवत राहायची आणि ती का मोडली ते शोधायचं, हे तिचं काम, आणि ते तिला मनापासून आवडतं. तेव्हा तिने उभ्या ओळींत गोळीचा वेग, वजन, शंभर मीटरवर उरणारी ताकद, खांद्याला बसणारा धक्का, काडतुसांची किंमत, ती गावोगावच्या दुकानात मिळतात की नाही, असं सगळं मांडलं. नवरा, उन्मेष, चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला.

"लग्नाआधी माझीपण शीट केली होतीस का गं?"

"केली होती. तू दुसरा आलास. पहिला न्यू जर्सीला गेला."

हे सगळं सुरू झालं ते विलासदादांमुळे. ते व्हिटबीला राहतात, महाराष्ट्र मंडळात ओळख झालेली, आणि कित्येक वर्षं शिकारीला जातात. एकदा त्यांनी जेवायला बोलावून हरणाचं मटण वाढलं. मृणालच्या लेकीने, ऊर्मीने, खाता खाता त्यांना भंडावून सोडलं. ते कुठे उभं होतं? त्याने तुमच्याकडे पाहिलं का? मरायला किती वेळ लागला? दुकानातलं प्लास्टिकमधलं मांस तिला कधीच आवडलं नव्हतं, कारण त्याबद्दल असलं काही विचारता येत नाही, असं तिचं म्हणणं. पुढे तिने शिकाऱ्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, अल्पवयीनांचा परवाना काढला. बंदूक घरात ठेवायची म्हणून मृणालनेही कोर्स करून आपला परवाना काढला. विलासदादा ऊर्मीला बरोबर न्यायला तयार झाले, पण एका अटीवर.

"शंभर मीटरवर जेवणाच्या ताटाएवढा कागद. पाच गोळ्या, पाचही ताटात. एक जरी बाहेर गेली तरी बंदूक घरी. ती बाहेरची गोळी जंगलात हरणाच्या पायात बसते, आणि मग ते कुठेतरी लंगडत जाऊन मरतं."

ऊर्मीने मान डोलावली होती. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

शीटमध्ये पहिलं आलं टू-फोर्टी-थ्री. गोळी बारीक, धक्का कमी, हरणाला पुरेशी. तिथे थांबायला हवं होतं. पण मृणालने शेवटी आणखी एक कॉलम वाढवला आणि त्याला नाव दिलं 'पुढे'.

त्याचं असं, की मृणाल तीन बहिणींतली मधली. त्यांचे फ्रॉक चार बोटं दुमडून शिवले जायचे आणि दरवर्षी दुमड सोडली जायची. बुटांच्या टोकात कापूस असायचा. पोरीसाठी घ्यायचं ते वाढत्या अंगाचं, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच तिला माहीत नव्हतं. दोन वर्षांनी ऊर्मी उंच होईल. मग ती मूसच्या शिकारीला जायचं म्हणेल आणि मूस म्हणजे घोड्याएवढं जनावर, त्याला टू-फोर्टी-थ्री तोकडीच. तेव्हा पुन्हा बंदूक घ्यायची? थर्टी-ओ-सिक्सची गोळी जाड, धक्का जास्त, पण ती हरणालाही चालते आणि मूसलाही. 'पुढे'च्या कॉलमने निकाल फिरवला. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याची, पूर्ण लांबीची एक जुनी थर्टी-ओ-सिक्स घरी आली.

"आत्ता जरा मोठी वाटेल," मृणाल म्हणाली. "अंगाला येईल हळूहळू."

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दोन गोळ्या ताटात बसल्या. पुढच्या खाली गेल्या. दुसऱ्या शनिवारी सगळ्याच खाली, काही तर कागदाच्याही बाहेर. मृणालने स्कोपचे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचे, स्क्रू तपासले, स्कोप बदलून पाहिला, काडतुसांची कंपनी बदलली. बंदूक वाळूच्या पिशवीवर घट्ट टेकवून स्वतः नेम धरून पाहिला, तर गोळ्या एकाच जागी बसत होत्या, म्हणजे दोष बंदुकीचा नव्हता.

"खांदा दुखतोय का गं?"

"आय ॲम फाइन, आई."

मग तिने लॅबमध्ये जे केलं असतं तेच केलं. फोन तिवईवर लावला आणि स्लो मोशनमध्ये ऊर्मीचं चित्रण केलं. गाडीत बसून पाहिलं, तर ऊर्मीचे डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो, नळीचं तोंड खाली जातं, आणि त्यानंतर बार होतो. धक्का बसायच्या आधीच शरीर धक्का खाऊन मोकळं होत होतं. मृणालने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. आपण कुणाचा चेहरा पाहतोय याचाही तिला विसर पडला.

"ऊर्मी, बघ ना, किती इंटरेस्टिंग आहे. कारण नंतर येतंय, परिणाम आधी."

ऊर्मीने फोनकडे पाहिलंच नाही. "इट हर्ट्स, ओके?" म्हणत तिने टी-शर्टची बाही वर ओढली. दंडाच्या वरच्या भागावर हिरवा-जांभळा डाग पसरला होता. दस्ता इतका लांब होता की खांद्याच्या खोबणीत बसतच नव्हता, दंडावर टेकत होता.

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"यू सेड अंगाला येईल. लाइक द स्नो जॅकेट."

"आलं ना जॅकेट अंगाला?"

"आय लॉस्ट दॅट जॅकेट इन ग्रेड सेव्हन, आई. ऑन पर्पज."

घरी उन्मेषने शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एकच विचारलं, "यात पोरीच्या हाताची लांबी कुठेय?" ती कुठेच नव्हती.

दुकानदाराने बंदूक परत घेतली, थोडे पैसे कापून. बदल्यात आखूड दस्त्याची टू-फोर्टी-थ्री मिळाली. ती ऊर्मीच्या खांद्यात चपखल बसली. डाग विरला. धक्का आता पाठीवर थाप मारल्यासारखा लागतो, असं ती स्वतः म्हणाली. आणि तरी गोळ्या खालीच जात राहिल्या.

मृणाल चक्रावली. कारण काढून टाकलं, परिणाम जागच्या जागी. विलासदादांनी खोटी काडतुसं आणून दिली, आत दारू नसलेली. मृणाल भरून देई, कधी खरं, कधी खोटं, कुठलं ते ऊर्मीला माहीत नसे. खोटं असलं की चाप ओढल्यावर नुसतं टक् वाजे, आणि त्या शांततेत नळी मुकाट खाली वाकताना सगळ्यांना दिसे.

"ओह माय गॉड," ऊर्मी हसत सुटली. "देअर वॉज नथिंग इन इट."

सगळा ऑक्टोबर हेच चाललं. वाकणं हळूहळू कमी झालं. मग विलासदादा परीक्षा घ्यायला रेंजवर आले, ऊर्मीने पाच गोळ्या झाडल्या, आणि पाचही ताटात होत्या.

"झालं की," विलासदादा कागद घडी करत म्हणाले. "चल नोव्हेंबरात."

ऊर्मीने बंदूक रिकामी करून ठेवली. कानांवरचे आवाज रोखणारे मफ काढून ती विलासदादांकडे वळली.

"काका, चौथ्याला माझे डोळे मिटले. आय थिंक."

"ताटात आहे ना?"

"हो. बट आय डिडन्ट पुट इट देअर."

मृणालच्या ओठांवर आलं होतं, की जाऊ दे ना, पाच म्हणजे पाच. तिने ते गिळलं. विलासदादांनी विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?"

"मी येते. यू शूट. दुर्बीण मी धरते. नेक्स्ट इयर बघू."

विलासदादांनी मान डोलावली. सामान आवरताना मृणालने सवयीने फोन उघडला, कारण चित्रण तिने आजही केलं होतं. चौथी गोळी. डोळे टक्क उघडे. तिने मागे जाऊन बाकीच्या पाहिल्या. दुसऱ्या गोळीला ते घट्ट मिटलेले होते.

"नो वे," ऊर्मी खांद्यावरून डोकावत म्हणाली. "सेकंड वन वॉज माय बेस्ट वन. परत लाव." दोघी फोनवर वाकल्या. परत लावलं. परत मिटले.

विलासदादा गाडीचं मागचं दार लावत होते. मृणाल फोन हातात घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"विलासदादा, तुमचे मिटतात का हो डोळे, गोळी सुटताना?"

"छे. इतकी वर्षं मारतोय मी."

"ते खरं. पण मिटत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं?"