रुखमाबाईचं काळं पाणी

रोहिणखेडच्या शिवारात रुखमाबाईचा दोन एकरांचा तुकडा आहे. त्याला लागूनच तिच्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, किसनरावाचं बारा एकर रान. विहीर दोघांत एक. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस तिची. तिचा नवरा गेल्यापासून किसनरावाचा डोळा त्या दोन एकरांवर. यंदा त्याने भावकीत वदवूनच घेतलं, की बाईची मिरची बसली तर पुढच्या साली रान मक्त्याने त्याच्याकडे. माना डोलवायला भावकीला किती वेळ लागतो!

भासऱ्याशी बोलायचं नाही, ही इकडची रीत. एकतीस वर्षांत दोघांत शब्द नाही. काही सांगायचं झालं तर मध्ये जाऊ शालूबाई. बाईने तोंड शिवून बसावं आणि बुवाने तिच्या बांधावर येऊन वाट्टेल ते बरळावं, याला रीत म्हणतात. जळो मेली ती रीत!

रुखमाबाईने बांधावर निळा ड्रम मांडला होता. रुई, तरोटा, शेवग्याचा पाला कापून त्यात टाकायचा, वर गूळ आणि पाणी, तोंडाला फडकं, आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. वीस-बावीस दिवसांत पाला आंबून काळं पाणी होतं आणि असा वास सुटतो की माणूस भरल्या ताटावरून उठावा. ते गाळून, एकाला दहा पाणी घालून ती मिरचीच्या बुडाशी द्यायची.

"शालू, तिले सांग," किसनराव तिला ऐकू जाईल असा ओरडायचा, "साऱ्या शिवाराचा उकिरडा करून ठेवला म्हणा. काऊन, युरिया भेटत नाही काय?"

ती पदर पुढे ओढून ढवळत राहायची. मनात मात्र शिव्यांची लाखोली चालायची.

मिरची अशी काळीशार उठली की रस्त्याने जाणारा थांबून पाहू लागला. किसनरावाची शेजारी पिवळी पडली होती.

मग एका दुपारी तो तणतणत आला. मागे शालूबाई. निंदणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"शालू, तिले सांग! हिच्या ड्रमात इख हाये, इख! माह्या सहा ओळी जळाल्या!" आणि लाथ घालून त्याने भरला ड्रम उलथा केला.

चोराच्या उलट्या बोंबा! तिच्या ड्रमातलं पाणी याच्या ओळींत काय पायांनी चालत गेलं? युरियाच्या सवयीचा माणूस. जास्त टाकलं की जास्त येतं, एवढंच त्याला ठाऊक. चोरलं ते चोरलं, वर पाणी न घालताच ओतलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

रुखमाबाईला हसू आलं नाही. निव्वळ अर्क तिच्याच सऱ्यांत शिरत होता. तिची मिरची जळाली की रान गेलं. अर्कात पाणी मिसळून तो पातळ करायला ती धावत विहिरीवर गेली आणि तिने स्टार्टर दाबला.

"शालू, तिले सांग, आज पाळी आपली हाये. मोटर बंद कर म्हणा!"

शालूबाईने तोंड उघडलं.

"जाऊबाई, तुम्ही थांबा." रुखमाबाईने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि भासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मी इथंच उभी हाओ, दादा. काय सांगाचं ते मलेच सांगा."

 किसनराव बायकोकडे पाहू लागला. शालूबाईने बांधावरचं फावडं उचललं आणि रुखमाबाईच्या सरीचं तोंड मोठं करायला ती खाली वाकली.