गुरुवारची पत्रकार परिषद

आता तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. प्रसिद्धीसाठी पत्रकार परिषद घ्यावी की नाही, यावर नारायण पेठेत माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस दुसरा नाही. मी आयुष्यात एकच घेतली. पण ती अशी गाजली, की पुढे महिनाभर मी समोरच्या फुटपाथवरून जात नव्हतो. चहा घ्या, गार होतोय.

माझा टायपिंगचा क्लास होता. खाली शिंप्याचं दुकान, वर आमची बारा मशीनं. बावीस वर्षं सकाळी सहापासून खडखडाट. मुलं-मुली यायची, टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची, कुठेतरी क्लार्क म्हणून चिकटायची आणि पेढे आणून द्यायची. काय वाईट होतं, सांगा बरं?

पण नव्वदचं दशक संपत आलं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरातला मुलगा अमेरिकेला निघालेला. एक दिवस माझ्या न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून विचारलं, 'सर, तुम्ही अजून टायपिंगच?' अर्ध्या दाढीत माणूस काय उत्तर देणार? ते फार लागलं मला.

घरी आलो आणि ठरवून टाकलं. टायपिंग बंद, कॉम्प्युटर सुरू. बुधवार पेठेत अत्तारचाचा म्हणून आमच्या मशीनची दुरुस्ती करणारे जुने कारागीर होते. त्यांना अकरा मशीनं देऊन टाकली. चाचा म्हणाले, महिनाभर थांबा सर, घाई कशाला? मी त्यांना एकविसाव्या शतकावर अर्धा तास ऐकवलं. त्यांनी निमूटपणे मशीनं टेम्पोत चढवली.

बारावं मशीन मात्र राहिलं, कारण आमच्या हिने ते देऊ दिलं नाही. सुनंदा माझ्याच क्लासात, त्याच मशीनवर टायपिंग शिकली. ती परीक्षा पुढे मंगल कार्यालयात कशी संपली, ते तुम्ही समजून घ्या. मशीनवर तिने क्रोशाचं कव्हर घातलं आणि वर चहाचा ट्रे ठेवायला सुरुवात केली.

समोरच्याच इमारतीत गायकवाड सरांचाही टायपिंगचा क्लास होता. बावीस वर्षांची आमची स्पर्धा. बोलणं गोड, पण एकमेकांचे विद्यार्थी मोजत असायचो. त्यांना मी रस्त्यात गाठून सांगितलं, 'गायकवाड, टायपिंग संपलं. आता फक्त तेराव्याचं जेवण राहिलंय.'

ते म्हणाले, 'असं का? बरं.' आणि भाजी घ्यायला गेले.

तर चार कॉम्प्युटर आले, प्रिंटर आला. कॉम्प्युटरला गरम होतं म्हणून एसी लावला. पहिल्या चार दिवसांत प्रवेश किती? एक. तो शिंप्याचा पुतण्या. दुपारी शिंपीही वर येऊन बसायचा, कॉम्प्युटरसाठी नव्हे, एसीसाठी. जूनची बॅच भरली नाही तर वर्ष वाया जाणार होतं, आणि गायकवाडांना मी जे बोलून बसलो होतो ते वेगळंच.

तेव्हा माझा मेहुणा विलास मदतीला धावला. हा जाहिरातीच्या धंद्यातला, म्हणजे कुणाच्याही घरात सोफ्यावर बसून सल्ला देणारा. म्हणाला, 'भावजी, जाहिरातीला पैसे लागतात. बातमीला फक्त पोहे लागतात. पत्रकार परिषद घ्या.'

माझ्या क्लासात बातमी काय आहे, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, बातमी असावी लागत नाही, करावी लागते. 'बावीस वर्षांच्या टायपिंगला रामराम, पेठेत कॉम्प्युटर युग' असं काहीतरी. पत्रकारांसमोर बटण दाबायचं, रंगीत स्वागतपत्र छापून बाहेर काढायचं, प्रेस नोट तिथल्या तिथे प्रिंटरवर काढून गरम गरम हातात द्यायची. ऐकून माझ्या अंगावर काटा आला हो.

दिवस कुठला? सुनंदाने पंचांग काढलं आणि म्हणाली, येत्या गुरुवारी गुरुपुष्यामृत आहे, याहून चांगला मुहूर्त नाही. ठरलं, गुरुवार, सकाळी अकरा.

तुम्ही हसताय. पुण्यात राहता म्हणून हसताय. गुरुवारी तारांच्या दुरुस्तीसाठी पुण्यात वीज बंद ठेवतात, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मग मला कसं माहीत नव्हतं? अहो, बावीस वर्षं माझा धंदा टाइपरायटरचा! त्याला वीज लागते का? गुरुवारी पंखा बंद असायचा, तेव्हा मी खिडकी उघडायचो आणि पुढे शिकवायचो. वीज हा विषय माझ्या आयुष्यात कधी आलाच नव्हता.

गुरुवारी सहा पत्रकार आले आणि एक फोटोग्राफर. विलासने सगळ्यांना गुलाबाचं फूल दिलं. पोहे झाले. मी नवा सफारी घालून उभा राहिलो, घसा साफ केला, 'आजपासून या वास्तूत नवं युग सुरू होत आहे' म्हणालो आणि एसी बंद पडला. पाठोपाठ चारही पडदे काळे.

शिंपी कोपऱ्यातून म्हणाला, 'गुरुवार आहे.'

विलास म्हणाला, येईल, येईल. एका पत्रकाराने घड्याळ बघून सांगितलं की चारला येईल. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. प्रेस नोट द्या, म्हणाले, आम्ही निघतो. आता प्रेस नोट कुठून देऊ? ती त्या काळ्या पडद्याच्या पोटात. सहाही जण उठले, चपला शोधायला लागले. माझी बॅच, माझं वर्ष, माझी इज्जत जिन्यावरून उतरायला निघाली होती.

तेवढ्यात सुनंदाने चहाचा ट्रे उचलला, क्रोशाचं कव्हर ओढलं आणि मला म्हणाली, 'बसा.'

बसलो. काय करणार? कागद, कार्बन, कागद, कार्बन, अशा सात प्रती चढवल्या आणि सुरू केलं. बोटांना बावीस वर्षांची सवय. मी मजकूर आठवत होतो आणि बोटं पुढे धावत होती. ओळीच्या टोकाला घंटी वाजत होती, डावा हात सर्रकन गाडी मागे ढकलत होता. सगळे चपला सोडून परत आले आणि माझ्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. सहा-सात मिनिटांत पान पूर्ण, एक अक्षर चुकलं नाही. शेवटची प्रत जरा पुसट होती, ती फोटोग्राफरला दिली.

टाळ्या वाजल्या! पत्रकारांनी टाळ्या वाजवल्या, मंडळी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू?

इथेच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण त्यातल्या एका चष्मेवाल्या पत्रकाराने वही उघडून विचारलं, 'सर, टाइपरायटरबद्दल तुमचं मत काय?'

आता मला सांगा, पुण्याच्या माणसाला कुणी मत विचारलं आणि त्याने दिलं नाही, असं कधी झालंय? आणि तेही वही उघडून विचारलेलं मत! मी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणालो, 'अहो, याला वीज नको, एसी नको, व्हायरस नाही. बोटांत कला असली की झालं. कॉम्प्युटर म्हणजे गुरुवारी बंद पडणारं खोकं.'

विलास मागून दोन्ही हातांनी खुणा करत होता. मला वाटलं, तो म्हणतोय की अजून बोला. म्हणून अजून बोललो. वीस मिनिटं बोललो. टायपिंगने मनाला शिस्त कशी लागते, माणूस शुद्ध कसा लिहायला लागतो, संसार कसा सुखाचा होतो. शिंपीसुद्धा मान डोलवत होता. फोटोग्राफरने माझे मशीनवर बोटं ठेवलेले चार फोटो काढले.

शुक्रवारी सकाळी पेपर आला. तीन कॉलमची बातमी, फोटोसकट. मथळा होता, 'कॉम्प्युटरच्या युगातही टायपिंगच भरवशाचं!' खाली माझं नाव, क्लासचा पत्ता आणि त्या खोक्याचं वाक्य जसंच्या तसं.

सातपासून जिन्यावर रांग. पालक मुलांना घेऊन आले होते. मी म्हणालो, या, या, कॉम्प्युटर बघा. एक बाई म्हणाल्या, 'खोकं नको. काल तुम्हीच म्हणालात. टायपिंगला नाव घाला.' टायपिंगचं मशीन एकच आहे, असं मी सांगितलं. मागून एक आजोबा बोलले, 'मग पेपरात कशाला छापून आणता?'

मी लोकांना थोपवून धरायला सुनंदाला सांगितलं आणि स्कूटरला किक मारून बुधवार पेठेत गेलो. अत्तारचाचा दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी म्हणालो, चाचा, माझी अकरा मशीनं परत द्या. चाचांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, 'सर, सकाळी साडेसातला गेली. गिऱ्हाईक टेम्पो घेऊनच आलं होतं. हातात पेपर होता.'

कोण गिऱ्हाईक, हे विचारायची मला गरज पडली नाही. परत आलो तेव्हा समोरच्या इमारतीखाली टेम्पो उभा होता आणि वरून खडखडाट ऐकू येत होता. आपल्या मुलाचा आवाज बाप ओळखतो, तसा मी तो ओळखला. ती माझीच मशीनं होती.

पुढचे दोन तास मी जिन्यात उभं राहून आलेल्या प्रत्येकाला रस्ता दाखवत होतो. हो, समोरच. हो, पहिला मजला. हो, तेही चांगलं शिकवतात. बॅच भरली. इतकी भरली की वेळ वाढवून रात्रीपर्यंत क्लास घ्यावा लागला. फक्त, ती माझी नव्हती, गायकवाडांची होती.

संध्याकाळी ते स्वतः आले. हातात पेढ्यांचा पुडा. सुनंदाच्या हातात दिला, मला वाकून नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, 'सर, पुढची पत्रकार परिषद कधी घेताय? पोह्यांचा खर्च माझा. फक्त वार गुरुवारच ठेवा.'