हाताला कळतं

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी शिंदेमामा दवाखान्यातून बदलीच्या पोराला फोनवर सांगत होते, "आधी शाळेजवळचा वॉल्व बंद कर. सावकाश." बोलताना त्यांचा सलाइन लावलेला हात हवेतच चावी फिरवत होता. आमच्या गावचं पाणी कुठून कसं सोडायचं, हे त्यांना एकट्यांनाच ठाऊक. मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, म्हणून वही घेऊनच गेलो होतो.

"लिहून घ्या साहेब, मला मोकळं करा," ते म्हणाले.

"चावीचे फेरे किती द्यायचे?"

त्यांनी हवेत हात फिरवून मोजून पाहिलं. मग ओशाळून म्हणाले, "ते हाताला कळतं हो."

एखादी गोष्ट चांगली येत असली, की तीच माणसाला अशी धरून ठेवते. तेवढ्यात पुन्हा फोन आला, वरच्या आळीला पाणी नव्हतं. मी वही मिटली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.